हुजूर पक्षाचे नेते समलिंगी हक्कांबाबत कसे बदलले? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रिटनमधल्या ज्या पक्षाने १९८८ साली समलैंगिकतेविषयी शाळांत बोलणेही शिक्षकांना धोक्याचे करून ठेवले, त्याच पक्षाच्या पंतप्रधानाने २०१३ साली समलिंगी विवाहाचा कायदा संमत करून घेतला. मधल्या पंचवीस वर्षांत काय घडले, कोण बदलले आणि का, हे विचारणारे प्रश्न सातत्याने येत असतात. त्यांपैकी पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न येथे घेतले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. दोन उत्तरांचा संबंध असेल तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हुजूर पक्ष म्हणजे नेमका कोणता पक्ष, आणि त्याच्यावरच एवढा भर कशासाठी?

ब्रिटनच्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला मराठी वृत्तपत्रे पिढ्यानपिढ्या हुजूर पक्ष म्हणत आली आहेत, आणि लेबर पक्षाला मजूर पक्ष. कुटुंब, चर्च, राजसत्ता आणि परंपरा यांचा सांभाळ करणे हे हुजूर पक्ष आपले काम मानतो, त्यामुळे समलिंगी हक्कांच्या प्रश्नावर त्याची कसोटी इतर पक्षांपेक्षा कडक लागली. भर देण्याचे मुख्य कारण मात्र वेगळे आहे. ब्रिटिश संसदेत मतविभागणी झाली की प्रत्येक खासदाराच्या मताची नोंद राहते आणि ती कोणालाही पाहता येते. नेत्याचे मन बदलले की केवळ भाषणातली भाषा बदलली, हे त्या नोंदींवरून तपासता येते, आणि पुढील बहुतेक उत्तरे अशा तपासणीवरच उभी आहेत.

२. ज्याचा सगळीकडे उल्लेख येतो ते 'कलम २८' काय होते?

ते १९८८ च्या स्थानिक शासनविषयक कायद्यातले कलम होते आणि २४ मे १९८८ रोजी लागू झाले. नगरपालिकांसारख्या स्थानिक संस्थांनी समलैंगिकतेचा हेतुपुरस्सर पुरस्कार करू नये, आणि समलैंगिक नाते हे 'तथाकथित कौटुंबिक नाते' म्हणून स्वीकारार्ह आहे असे त्यांच्या शाळांत शिकवले जाऊ नये, असे त्यात म्हटले होते. एड्सच्या भीतीचा तो काळ होता, आणि हॅरिंगे यांसारख्या लंडनमधल्या मजूर पक्षाच्या नगरपालिका शाळांतून काय शिकवतात यावरून वृत्तपत्रांनी रान उठवले होते.

या कलमाखाली कोणावरही खटला यशस्वी झाला नाही. त्यामुळे 'मग त्याने बिघडले काय' असा प्रश्न काही वाचक विचारतात. बिघडले ते वर्गात. समलिंगी म्हणून छळ होत असलेला मुलगा शिक्षकाकडे आला, तर त्याला धीर देणे म्हणजे 'पुरस्कार' ठरेल का, हे शिक्षकालाच ठाऊक नसे, आणि आपल्या नोकरीच्या काळजीपोटी तो गप्प बसे. कायद्याची भाषा जितकी संदिग्ध होती तितका तिचा धाक मोठा होता. स्कॉटलंडमध्ये हे कलम २००० साली रद्द झाले, इंग्लंड आणि वेल्समध्ये २००३ साली.

३. थॅचरबाई सुरुवातीपासूनच समलिंगींच्या विरोधात होत्या ना?

नाही, आणि म्हणूनच त्यांचे उदाहरण महत्त्वाचे आहे. मजूर पक्षाचे खासदार लिओ ॲब्से यांनी १९६६ साली पुरुषांमधील खासगी समलैंगिक संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून वगळण्याचे विधेयक आणले, तेव्हा त्याला पाठिंबा देणाऱ्या मोजक्या हुजूर खासदारांत मार्गारेट थॅचर होत्या. १९६७ चा कायदा त्यातूनच झाला, जरी तो २१ वर्षांवरील पुरुषांपुरता आणि इंग्लंड-वेल्सपुरताच होता. त्यांच्याच पंतप्रधानपदाच्या काळात स्कॉटलंडमध्ये १९८० साली, आणि युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या निकालानंतर उत्तर आयर्लंडमध्ये १९८२ साली, तसाच बदल झाला.

आणि त्याच थॅचर यांनी ऑक्टोबर १९८७ मध्ये ब्लॅकपूलच्या पक्ष अधिवेशनात, ज्या मुलांना पारंपरिक नीतिमूल्यांचा आदर शिकवायला हवा त्यांना समलिंगी असण्याचा आपला अविभाज्य हक्क आहे असे शिकवले जात आहे, अशी तक्रार केली. माझ्या मते या दोन भूमिकांमागे विचार एकच होता: प्रौढांच्या खासगी जीवनात पोलिसांनी शिरू नये, आणि सार्वजनिक जीवनात मात्र त्या नात्याला मान्यता देऊ नये. पक्षाचा पुढचा सगळा प्रवास या दोन गोष्टींमधली भिंत पडण्याचा आहे.

४. पक्षात बदलाची सुरुवात नेमकी कोणी केली?

एका व्यक्तीचे नाव घेणे अन्यायाचे होईल. जॉन मेजर यांनी १९९१ साली अभिनेते इयन मॅकेलन यांना पंतप्रधान निवासस्थानी भेटीला बोलावले. ते साधेच पाऊल होते, पण कलम २८ च्या कडव्या विरोधकाला पक्षाच्या पंतप्रधानाने समोर बसवून ऐकून घेतले. फेब्रुवारी १९९४ मध्ये खासदार एडविना करी यांनी समलिंगी पुरुषांसाठीचे संमतिवय २१ वरून १६ वर, म्हणजे इतरांइतकेच, आणण्याची दुरुस्ती मांडली. (संमतिवय हा शब्द मराठी वाचकाला १८९१ च्या वादामुळे परिचित आहे, येथेही वाद तितकाच तापला होता.) ती दुरुस्ती २८० विरुद्ध ३०७ मतांनी फेटाळली गेली आणि तडजोड म्हणून वय १८ ठरले. समान वय व्हायला २००१ साल उजाडले.

त्यानंतरची पावले किंमत मोजून टाकलेली आहेत. शॉन वुडवर्ड कलम २८ रद्द करण्याच्या बाजूने उभे राहिले आणि डिसेंबर १९९९ मध्ये त्यांना पक्षाच्या आघाडीच्या बाकावरून, म्हणजे प्रवक्तेपदावरून, काढण्यात आले. ते मजूर पक्षात गेले. जुलै २००२ मध्ये ॲलन डंकन यांनी आपण समलिंगी असल्याचे स्वतःहून जाहीर केले, आणि पदावर असताना असे करणारे ते पहिले हुजूर खासदार ठरले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, अविवाहित आणि समलिंगी जोडप्यांना मूल दत्तक घेऊ देण्याच्या तरतुदीविरुद्ध मत देण्याचा कडक पक्षादेश तेव्हाचे पक्षनेते इयन डंकन स्मिथ यांनी काढला, तेव्हा जॉन बर्को यांनी आघाडीचे बाक सोडले आणि केनेथ क्लार्क, मायकेल पोर्टिलो यांच्यासारख्या ज्येष्ठांनी आदेश झुगारला. ही बंडाळी संख्येने लहान होती. तरीही पुढच्या नेत्याने अशा प्रश्नावर पक्षादेश काढण्याचे धाडस केले नाही.

५. कलम २८ चा बचाव करणाऱ्या मंत्र्यानेच पुढे समलिंगी जोडप्यांच्या कायद्याला पाठिंबा दिला, हे खरे आहे का?

खरे आहे. मायकेल हॉवर्ड १९८८ साली स्थानिक शासन खात्याचे मंत्री होते आणि सरकारच्या वतीने त्या कलमाची बाजू त्यांनी मांडली होती. २००४ साली नागरी भागीदारीचे विधेयक आले, म्हणजे समलिंगी जोडप्यांना वारसा, निवृत्तिवेतन, कर यांबाबत विवाहितांसारखे हक्क देणारी नोंदणी, तेव्हा हॉवर्ड पक्षाचे नेते होते. त्यांनी स्वतः पाठिंबा जाहीर केला आणि खासदारांना सदसद्विवेकबुद्धीनुसार मत देण्याची मोकळीक दिली. पक्ष दुभंगला, पण विधेयक मोठ्या बहुमताने संमत झाले आणि डिसेंबर २००५ पासून पहिल्या नोंदण्या झाल्या.

६. डेव्हिड कॅमेरॉन स्वतः आधी विरोधात होते का?

होते. कलम २८ रद्द करू पाहणाऱ्या टोनी ब्लेअर यांच्यावर २००० साली त्यांनी जाहीर टीका केली, आणि २००३ साली त्या कलमाचा काही भाग टिकवू पाहणाऱ्या आपल्या पक्षाच्या दुरुस्तीला मत दिले. २००४ मध्ये नागरी भागीदारीला मात्र ते अनुकूल होते. डिसेंबर २००५ मध्ये नेते झाल्यावर, २००६ च्या बोर्नमथ अधिवेशनात, विवाहाविषयी बोलताना त्यांनी परस्परांशी बांधिलकी पत्करणारे स्त्री-पुरुष असोत, दोन स्त्रिया असोत वा दोन पुरुष, त्या बांधिलकीचे मोल सारखेच आहे असा विचार मांडला आणि सभागृहाने टाळ्या वाजवल्या. जुलै २००९ मध्ये त्यांनी कलम २८ बद्दल पक्षाच्या वतीने माफी मागितली (माफीच्या मोलाविषयी प्रश्न १८ पाहा).

२००० ते २००६ या सहा वर्षांतला हा बदल वेगवान आहे, आणि त्यात नेतृत्वाची महत्त्वाकांक्षा नव्हती असे मी म्हणणार नाही. तरीही २०११ नंतर त्यांनी जे केले त्याला सोयीचे राजकारण म्हणता येत नाही, कारण ते त्यांना गैरसोयीचे होते. त्याची चर्चा प्रश्न ८ आणि १० मध्ये आहे.

७. 'मी कॉन्झर्व्हेटिव्ह आहे म्हणूनच समलिंगी विवाहाला माझा पाठिंबा आहे' या कॅमेरॉन यांच्या वाक्याचा अर्थ काय?

हे वाक्य ऑक्टोबर २०११ मधल्या मँचेस्टर अधिवेशनातले आहे आणि त्याचा पूर्वार्धही महत्त्वाचा आहे: कॉन्झर्व्हेटिव्ह असूनही मी पाठिंबा देतो असे समजू नका. युक्तिवाद असा की, माणसांनी एकमेकांना वचन द्यावे, ते पाळावे, आजारपणात आणि म्हातारपणात एकमेकांचा भार उचलावा, आणि त्यासाठी सरकारकडे पाहत बसू नये, हा परंपरावादी विचाराचा गाभा आहे. विवाह ही संस्था हे सगळे घडवून आणते. मग जी दोन माणसे या संस्थेत स्वतःहून येऊ पाहतात त्यांना दाराबाहेर ठेवणे हे परंपरेचे रक्षण कसे?

या मांडणीचे वैशिष्ट्य असे की तिने ऐकणाऱ्याला आपली मूल्ये सोडायला सांगितले नाही. हक्क आणि समता यांच्या भाषेत हुजूर पक्षाच्या गावोगावच्या कार्यकर्त्याशी संवाद होणे अवघड होते. विवाह, निष्ठा, जबाबदारी हे शब्द त्याचे स्वतःचे होते. परंपरावादी माणसाचे मत बदलते तेव्हा बहुधा असेच बदलते, असे मला या सगळ्या नोंदी वाचून वाटू लागले आहे. तो आपले घर सोडून समोरच्याच्या घरात राहायला जात नाही, आपल्याच घरातली एक बंद खोली उघडतो.

८. मग २०१३ साली संपूर्ण पक्षाने समलिंगी विवाहाला पाठिंबा दिला, असे म्हणता येईल का?

अजिबात नाही. ५ फेब्रुवारी २०१३ रोजी विधेयकाच्या दुसऱ्या वाचनाच्या वेळी हाउस ऑफ कॉमन्समध्ये ४०० मते बाजूने आणि १७५ विरोधात पडली. हुजूर खासदारांपैकी १२७ बाजूने होते आणि १३६ विरोधात. उरलेले गैरहजर राहिले किंवा तटस्थ राहिले. म्हणजे पंतप्रधानांच्या स्वतःच्या पक्षात विरोधकच जास्त होते, आणि ओवेन पॅटरसन व डेव्हिड जोन्स हे मंत्रिमंडळातले सदस्यही विरोधात गेले. मजूर आणि लिबरल डेमोक्रॅट खासदारांशिवाय विधेयक संमत झाले नसते. त्याच्या आदल्या दिवसांत पक्षाच्या स्थानिक शाखांच्या वीसहून अधिक आजी-माजी अध्यक्षांनी पंतप्रधानांच्या दारी विरोधाचे पत्र नेऊन दिले होते.

हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये विधेयक रोखण्याचा प्रयत्न जूनमध्ये १४८ विरुद्ध ३९० मतांनी फसला. १७ जुलै २०१३ रोजी कायद्याला राजसंमती मिळाली आणि २९ मार्च २०१४ रोजी इंग्लंड-वेल्समध्ये पहिले विवाह लागले. स्कॉटलंडने आपला कायदा त्याच वर्षी केला. तेथे हुजूर पक्षाच्या नेत्या रूथ डेव्हिडसन या स्वतः उघडपणे समलिंगी होत्या.

९. टेरेसा मे यांचा प्रवास सर्वांत लांबचा मानतात, तो का?

कारण त्यांच्या बाबतीत जवळपास प्रत्येक टप्प्याचे मत नोंदलेले आहे. १९९८ साली त्यांनी संमतिवय समान करण्याविरुद्ध मत दिले. २००० साली पक्षाच्या शिक्षणविषयक प्रवक्त्या असताना कलम २८ टिकवण्याची बाजू घेतली. २००२ साली समलिंगी जोडप्यांच्या दत्तकाधिकाराला विरोध केला. त्याच वर्षीच्या अधिवेशनात, लोक आपल्या पक्षाला 'दुष्ट पक्ष' म्हणतात, असे आपल्याच सहकाऱ्यांना त्यांनी सुनावले होते. २००४ मध्ये नागरी भागीदारीला पाठिंबा, २०१० मध्ये दत्तकाबाबत आपले मत बदलल्याची जाहीर कबुली, २०१२ मध्ये समलिंगी विवाहाविषयी सरकारचा लोकमत-आढावा आणि २०१३ मध्ये विधेयकाच्या बाजूने मत. पंतप्रधान झाल्यावर, २०१८ मध्ये, ती जुनी मते आज आपण तशी दिली नसती, असे त्यांनी सांगितले.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये लंडन येथे राष्ट्रकुल देशांच्या बैठकीच्या वेळी, ब्रिटनने आपल्या वसाहतींत समलैंगिकतेविरोधी कायदे रुजवले याबद्दल त्यांनी तीव्र खेद व्यक्त केला. आपल्याकडच्या भारतीय दंडसंहितेचे कलम ३७७ हे १८६० सालचे, त्याच वारशातले होते. ते प्रौढांमधील संमतीच्या संबंधांपुरते रद्दबातल ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ६ सप्टेंबर २०१८ रोजी आला. तो भारतीय याचिकाकर्त्यांच्या दीर्घ लढ्याचे फळ होता.

१०. हे सगळे मतांसाठीच नव्हते का? जनमत बदलले म्हणून नेते बदलले, एवढेच ना?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो. जनमत बदलले हे निर्विवाद आहे. ब्रिटिश सामाजिक दृष्टिकोन पाहणीत समलैंगिक संबंध 'नेहमीच चूक' मानणाऱ्यांचे प्रमाण १९८७ साली ६४ टक्के होते, ते २०१२ साली २२ टक्क्यांवर आले. हुजूर पक्ष १९९७, २००१ आणि २००५ अशा सलग तीन निवडणुका हरला होता, आणि तरुण शहरी मतदाराला हा पक्ष आपला वाटत नाही हे नेत्यांना दिसत होते.

मात्र मतांच्या हिशेबाने २०१३ चे कोडे सुटत नाही. तेव्हा पक्षाचे सदस्य, शाखाप्रमुख आणि वयस्क मतदार नाराज होते, युरोपीय संघातून बाहेर पडण्याची मागणी करणारा युकिप हा पक्ष याच नाराजांना जवळ करत होता, आणि विवाहाचा मुद्दा २०१० च्या निवडणूक जाहीरनाम्यात नव्हता. निव्वळ हिशेब करणारा नेता नागरी भागीदारीवर थांबला असता. जनमताने दार किलकिले केले, पण त्यातून आत जायचे की बाहेरच उभे राहायचे हे प्रत्येकाने स्वतः ठरवले. म्हणूनच एकाच पक्षाचे, एकाच जनमताला सामोरे जाणारे १२७ एका बाजूला आणि १३६ दुसऱ्या बाजूला गेले.

११. विरोधात मत देऊन नंतर चूक मान्य करणारे कोणी आहेत का?

निकी मॉर्गन यांचे उदाहरण ठळक आहे. २०१३ साली त्यांनी विरोधात मत दिले. आपली ख्रिस्ती श्रद्धा आणि मतदारांनी केलेला आग्रह ही कारणे त्यांनी दिली होती. २०१४ साली त्या महिला आणि समता खात्याच्या मंत्री झाल्या तेव्हा मोठी टीका झाली, आणि त्याच वर्षीच्या शरद ऋतूत त्यांनी आज आपण बाजूने मत देऊ असे सांगितले. कायदा झाल्यावर आणि मंत्रिपद मिळाल्यावर आलेला हा बदल असल्याने त्याकडे संशयाने पाहणे स्वाभाविक आहे. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. कायदा लागू झाला, विवाह लागले आणि ज्या अनर्थाची भीती घातली गेली होती तो झालाच नाही, हे अनेक विरोधकांना डोळ्यांनी पाहायला मिळाले.

१२. जे बदलले नाहीत त्या सर्वांना द्वेष्टे म्हणायचे का?

नाही. २०१३ च्या विरोधकांपैकी अनेकांनी नागरी भागीदारीला मान्यता दिली होती, आणि विवाह हा शब्द व संस्कार आपल्या धर्मश्रद्धेनुसार स्त्री-पुरुषांपुरताच आहे असे ते प्रामाणिकपणे मानत होते. कायद्यानेही धर्मसंस्थांना असे विवाह लावण्याची सक्ती केली नाही. त्याच वेळी हेही सांगितले पाहिजे की, विरोध सौम्य शब्दांत केला म्हणून त्याचा परिणाम सौम्य होत नाही. ज्यांचा विवाह अडवला जात होता त्यांच्यासाठी खासदाराचा सूर नव्हे, त्याचे मत निर्णायक होते.

१३. घरातलेच कोणी समलिंगी निघाले की मगच असे नेते बदलतात का?

काही जण तसेच बदलले, आणि त्याची सर्वांत प्रसिद्ध उदाहरणे अमेरिकेतल्या रिपब्लिकन पक्षात आहेत. पुढे ओहायोचे सिनेटर झालेले रॉब पोर्टमन यांनी १९९६ साली विवाहाची व्याख्या स्त्री-पुरुषांपुरती करणाऱ्या संघीय कायद्याला पाठबळ दिले होते. २०११ साली त्यांच्या मुलाने आपण समलिंगी असल्याचे आईवडिलांना सांगितले आणि मार्च २०१३ मध्ये पोर्टमन यांनी आपला पाठिंबा जाहीर केला. उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी यांनी समलिंगी असलेली मुलगी मेरी हिच्यामुळे राष्ट्राध्यक्ष बुश यांच्यापेक्षा वेगळी भूमिका पूर्वीच घेतली होती. धाकटीचे असे असूनही थोरली मुलगी लिझ चेनी हिने २०१३ साली समलिंगी विवाहाला विरोध केला, आणि २०२१ साली आपले चुकले असे सांगितले. घरातले माणूस पुरेसे असते असे नाही, हे यावरून दिसते.

आपल्या लेकरासाठी बदलणाऱ्यावर 'दुसऱ्यांची लेकरे दिसली नाहीत का' असा आक्षेप घेतला जातो, आणि तो रास्त आहे. तरीही पोर्टमन बदलून थांबले नाहीत. नोव्हेंबर २०२२ मध्ये समलिंगी विवाहांना संघीय संरक्षण देणारा कायदा सिनेटने ६१ विरुद्ध ३६ मतांनी संमत केला, त्यात बाजूने मत देणाऱ्या १२ रिपब्लिकन सिनेटरांत ते होते आणि इतरांना वळवण्यातही त्यांचा वाटा होता.

१४. जर्मनीच्या अँगेला मर्केल बदलल्या की नाही? दोन्ही वाचायला मिळते.

दोन्ही खरे आहे. जून २०१७ मध्ये त्यांनी समलिंगी विवाहाचा प्रश्न प्रत्येक खासदाराच्या सदसद्विवेकाचा आहे असे म्हणून मतदानाची वाट मोकळी केली. आपल्या मतदारसंघात आठ मुलांचा सांभाळ करणाऱ्या एका समलिंगी जोडप्याला भेटल्याचा त्यांनी उल्लेख केला. ३० जून रोजी ३९३ विरुद्ध २२६ मतांनी कायदा संमत झाला आणि मर्केल यांच्या सीडीयू-सीएसयू या परंपरावादी गटातल्या ७५ खासदारांनी बाजूने मत दिले. खुद्द मर्केल यांनी विरोधात मत दिले, कारण त्यांच्या समजुतीप्रमाणे जर्मन राज्यघटनेतला विवाह स्त्री-पुरुषांचाच होता. दत्तकाबाबत मात्र आपले मत बदलल्याचे त्यांनी सांगितले. नेत्याचे मत आणि नेत्याची कृती वेगवेगळी मोजावी लागते, याचे यापेक्षा चांगले उदाहरण मला माहीत नाही.

१५. लिओ वराडकर तर स्वतः समलिंगी. मग त्यांचे मत बदलले असे कसे म्हणता येईल?

मालवण तालुक्यातल्या वराड गावाशी नाते असल्याने मराठी वाचकांना त्यांच्याबद्दल विशेष जिव्हाळा आहे. त्यांचे वडील डॉ. अशोक वराडकर मुंबईहून परदेशी गेले, आई आयरिश. आयर्लंडच्या मध्य-उजव्या फिने गेल पक्षाचे तरुण खासदार म्हणून लिओ यांनी २०१० साली नागरी भागीदारीवरच्या चर्चेत, प्रत्येक मुलाला आई आणि वडील दोघांचाही हक्क आहे, अशी भूमिका मांडली आणि समलिंगी जोडप्यांच्या दत्तकाबद्दल प्रतिकूल सूर लावला. १८ जानेवारी २०१५ रोजी, आपल्या ३६ व्या वाढदिवशी, मंत्रिपदावर असताना त्यांनी रेडिओवरील मुलाखतीत आपण समलिंगी असल्याचे सांगितले. २२ मे २०१५ च्या सार्वमतात समलिंगी विवाहाला ६२ टक्के मतदारांनी कौल दिला. त्यासाठी त्यांनी प्रचार केला होता. जून २०१७ मध्ये ते पंतप्रधान झाले आणि २०१९ च्या डिसेंबरअखेरीस वराडला येऊन गेले.

ज्या समाजात वाढलो त्याचीच मते माणूस स्वतःविरुद्धही बाळगू शकतो, हे ज्यांनी जवळून पाहिले आहे त्यांना २०१० चे भाषण आणि २०१५ ची मुलाखत एकाच माणसाची आहे यात नवल वाटणार नाही.

१६. भारतातल्या परंपरावादी नेत्यांमध्ये असा बदल झाला आहे का?

गुन्ह्याच्या प्रश्नावर झाला आहे, विवाहाच्या प्रश्नावर झालेला नाही. डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ कायम ठेवले तेव्हा भाजपचे तत्कालीन अध्यक्ष राजनाथ सिंह यांनी त्याचे समर्थन केले. नोव्हेंबर २०१५ मध्ये अरुण जेटली यांनी न्यायालयाने त्या निकालाचा फेरविचार करावा असे मत मांडले. मार्च २०१६ मध्ये संघाचे दत्तात्रेय होसबाळे यांनी समलैंगिकता हा गुन्हा मानू नये असे म्हटले आणि लगेच ती समाजाच्या दृष्टीने अनैतिक असल्याची पुस्तीही जोडली. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने हा निर्णय न्यायालयाच्या विवेकावर सोपवला. जानेवारी २०२३ मधील मुलाखतीत सरसंघचालक मोहन भागवत यांनी अशा व्यक्तींना जगण्याचा हक्क आहे असे सांगताना जरासंधाचे सेनापती हंस आणि डिंभक यांचा दाखला दिला. परंपरेच्या आतूनच आधार शोधण्याची ही रीत प्रश्न ७ मधल्या युक्तिवादाशी ताडून पाहण्यासारखी आहे. त्याच वर्षी सरकारने न्यायालयात समलिंगी विवाहाला विरोध केला, आणि १७ ऑक्टोबर २०२३ रोजी न्यायालयाने अशा विवाहाचा मूलभूत हक्क मान्य करण्यास नकार दिला.

१७. समलिंगींबाबत बदललेले नेते पारलिंगी व्यक्तींबाबतही बदलले का? आणि झालेला बदल मागे फिरू शकतो का?

हे दोन प्रश्न बहुधा जोडीनेच येतात, म्हणून एकत्र घेतले आहेत. २०१७ साली टेरेसा मे यांनी कायदेशीर लिंगबदलाची प्रक्रिया सोपी करण्याचा मनोदय जाहीर केला आणि २०१८ साली लोकांची मते मागवली. सप्टेंबर २०२० मध्ये, जॉन्सन सरकारच्या काळात, समता खात्याच्या मंत्री लिझ ट्रस यांनी वैद्यकीय निदानाची अट काढण्यास नकार दिला; शुल्क तेवढे कमी केले. स्कॉटिश संसदेने ही अट काढणारे विधेयक संमत केले तेव्हा जानेवारी २०२३ मध्ये सुनक सरकारने यापूर्वी कधीही न वापरलेला अधिकार वापरून ते अडवले, आणि त्याच ऑक्टोबरमध्ये 'पुरुष तो पुरुष आणि स्त्री ती स्त्री' हे सुनक यांचे वाक्य अधिवेशनात टाळ्या घेऊन गेले. म्हणजे एका प्रश्नावर पुढे गेलेला पक्ष दुसऱ्यावर पाच वर्षांत उलट दिशेने गेला. विवाहाच्या वेळी वापरलेला बांधिलकीचा युक्तिवाद येथे लागू पडत नव्हता आणि पारलिंगींसाठी तसा नवा युक्तिवाद पक्षात कोणी उभा केला नाही, हे मला त्याचे मोठे कारण वाटते. विवाहाचा कायदा रद्द करण्याची भूमिका मात्र कॅमेरॉन यांच्यानंतरच्या एकाही पक्षनेत्याने घेतलेली नाही.

पूर्ण माघारीचे उदाहरण हंगेरीत सापडते. १९८८ साली उदारमतवादी तरुणांचा पक्ष म्हणून जन्मलेल्या फिदेसने व्हिक्टर ओर्बान यांच्या नेतृत्वाखाली २०२० साली कायदेशीर लिंगबदल बंद केला, २०२१ साली अल्पवयीनांपर्यंत समलैंगिकतेविषयी मजकूर पोहोचवण्यास बंदी घातली आणि २०२५ साली प्राइड मोर्चावर बंदी घालण्याची तरतूद केली. २०२१ च्या त्या कायद्याचा मसुदा वाचताना कलम २८ ची आठवण न होणे कठीण आहे.

१८. अशा नेत्यांच्या माफीला किती किंमत द्यावी?

माफी कधी मागितली आणि तिच्याबरोबर काय आले, हे पाहावे. कॅमेरॉन यांनी २००९ साली कलम २८ बद्दल माफी मागितली तेव्हा ते कलम रद्द होऊन सहा वर्षे झाली होती, पण त्या माफीमागून चार वर्षांत कायदा आला. जुलै २०२३ मध्ये ऋषी सुनक यांनी, २००० सालापर्यंत सैन्यातून समलिंगींना बडतर्फ केले जात असे त्याबद्दल सरकारच्या वतीने माफी मागितली. ज्यांची पदके काढून घेतली, निवृत्तिवेतन बुडाले, त्यांच्यासाठी खरा प्रश्न भरपाईचा होता. मला व्यक्तिशः बर्को आणि वुडवर्ड यांची मते अधिक मोलाची वाटतात, कारण ती दिली गेली तेव्हा त्यांची किंमत पदाने चुकवावी लागत होती.

१९. एखाद्या नेत्याची भूमिका स्वतः पडताळायची असेल तर काय पाहावे?

ब्रिटिश संसदेच्या कामकाजाची अधिकृत नोंद, म्हणजे हॅन्सार्ड, सर्वांना विनामूल्य वाचता येते. केवळ अंतिम मत पाहू नये. विधेयकाच्या आधी मांडलेल्या दुरुस्त्यांवरची मते बहुधा अधिक बोलकी असतात. कॅमेरॉन यांची २००३ ची भूमिका दुरुस्तीवरच्या मतातूनच कळते. मतदान पक्षादेशाखाली झाले की मोकळेपणाने, हे लक्षात घ्यावे, कारण २००२ मध्ये विरोधात पडलेले प्रत्येक मत मनापासूनचे होते असे धरता येत नाही आणि २०१३ चे प्रत्येक मत ज्याचे त्याचे होते. गैरहजेरीचा अर्थ लावताना सावध राहावे: ती आजारपणामुळे असू शकते, परदेश दौऱ्यामुळे असू शकते, किंवा दोन्ही बाजू टाळण्यासाठी असू शकते. काही खासदार तटस्थता जाणूनबुजून नोंदवण्यासाठी दोन्ही बाजूंना मत देतात, आणि अशा वेळी त्यांचे नाव दोन्ही याद्यांत आढळते.